गेज

शिरोलीच्या कारखान्यात मी माल तपासते.
पंपाचं झाकण, ब्रेकचा ड्रम.
गेजची एक बाजू आत गेली पाहिजे,
दुसरी जाता कामा नये.
गेली, की लाल खडू, आणि बाजूच्या ट्रॉलीत.
अकरा वर्षांत माझ्या हातून तडा गेलेला एकही तुकडा
गेटबाहेर पडला नाही, असं सुपरवायझर म्हणतात,
आणि कधीमधी मीही.

जुई सतरा महिन्यांची.
पगारी रजा संपली, मग बिनपगारी संपली,
मग सासूबाईंचा गुडघा संपला.
सोमवारपासून कामावर, एवढं ठरलं.
जुई कुठे, ते ठरलं नव्हतं.

राजारामपुरीत, आठव्या गल्लीत,
प्लास्टिकची हिरवळ, भिंतीवर जिराफ,
"दिवसभर मोबाइलवर बघता येईल तुम्हाला."
कॅमेरे चार. मी मोजले.
मुलं अकरा. तीही मोजली.
एकही रडत नव्हतं.
ओतून आलेल्या मालावर जेव्हा एकही डाग दिसत नाही
तेव्हा आम्ही तो पुन्हा एकदा उजेडाखाली धरतो.

ताराबाई पार्कात फी ऐकली
आणि गुपचूप चपला पायात सरकवल्या.

गारगोटीहून नणंदेचा फोन:
"हिकडंच ठेव की गं पोरीला.
म्हशीचं दूध हाय, अंगण हाय, शनवारी येऊन भेटून जा."
तिचं काही खोटं नव्हतं.
"बघते" म्हटलं, आणि रात्री
बोटांवर शनिवार मोजत बसले.

दीपक म्हणाला, घरीच बाई ठेवू.
एक आली. स्वच्छ, बोलकी.
टीव्ही कुठाय, ते तिनं दारातूनच पाहिलं.
पाहिलंही नसेल.
मीच तिच्याकडे लाल खडू घेऊन बघत असेन.

उद्यमनगरात, लेथच्या घरघरीमागे,
पाटी नसलेल्या दोन खोल्या. हसीना मुजावर.
दाराला आडवी फळी, मुलं रस्त्यावर जाऊ नयेत म्हणून.
फळीचा एक खिळा वर आलेला. मी बोट ठेवलं.
गॅस उंचावर, पंख्याला जाळी,
संडासाचं दार नीट लागत नाही.
पाच मुलं. एक मोठ्यानं रडत होतं, तिच्याच खांद्यावर,
आणि ती थोपटत थोपटत माझ्याशी बोलत होती,
आवाज न चढवता, त्याच्या रडण्याच्या खालून.

वेळ, डबा, लसीचं कार्ड
हे सगळ्यांनीच विचारलं होतं.
तिनं विचारलं, "रडली की कशानं गप होते वो ही?"

कडेवर घेतलं की, असं म्हणणार होते.
पण तसं होत नाही.
जुई गप होते माझा कान धरून.
डाव्या कानाची पाळी, कुडीच्या मागची जागा,
दोन बोटांत चुरत राहते.
हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दीपकलाही.
एवढीशी गोष्ट,
सांगताना गळा का दाटावा, कळेना.

"कान व्हय," ती म्हणाली.
डाव्या कानातलं डूल काढून फडताळात ठेवलं.
"ह्यो मोकळा तिला."
मग मी खिळ्याचं बोलले.
तिनं आतून हातोडी आणून दिली. "ठोका की मग."
ठोकला.

सोमवारी रडत ठेवून बस धरली.
दिवसभर आत जाणारी बाजू, न जाणारी बाजू.
अकराला फोन केला. मागे लेथ, लेथच्या वर जुई.
चारला केला. नुसती लेथ.
कशाला जास्त भ्यायचं, ठरेना.

संध्याकाळी तिच्या डोक्यावर, मधोमध,
लाल लोकरीनं बांधलेली उभी शेंडी.
मी तशी बांधत नाही. मला आवडलीही नाही.
घरी येऊन सोडायला हात नेला
तर जुईनं डोकं बाजूला घेतलं.
राहू दे म्हटलं.

झोपताना तिनं माझा कान शोधला,
दोन बोटांत धरला.
बोटांना वास होता
दुसऱ्या कुणाच्या तरी खोबरेलाचा.