काहीतरी घडलं आहे

निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं:
‘काहीतरी घडलं आहे
आणि तुमचा पिन उपलब्ध नाही.’
एवढंच.
काय घडलं, कुणाला, कधी, काही नाही.
रात्री अडीचला गावाकडून फोन येतो
आणि पलीकडचा माणूस आधी पाणी पितो,
तसं.

डन्फर्मलिनमध्ये जानेवारी. चारला अंधार.
कौन्सिलचा ईमेल तीन दिवस न वाचलेला:
भाजीच्या वाफ्यासाठी तुमचा नंबर लागला,
प्लॉट सतरा ब,
आज मध्यरात्रीपर्यंत खात्यात जाऊन होकार द्या,
नाहीतर पुढच्याला.
सात वर्षं थांबले मी एवढ्याशा मातीसाठी.
खात्याला आता पासवर्ड चालत नाही, पास-की लागते,
पास-की म्हणते पिन टाक,
आणि पिन बसलाय त्या घडलेल्या काहीतरीमागे
तोंड लपवून.

सहा आकडे. पुन्हा सहा आकडे.
मग हळू, एकेक, खडे निवडल्यासारखे.
नंबर लॉक पाहिला.
बंद करून चालू केला, म्हणजे रामबाण झाला.
यंत्र म्हणालं, फार वेळा चुकलात,
आधी ए वन बी टू सी थ्री लिहून दाखवा.
दाखवलं.
चोपन्नाव्या वर्षी पाटीवर.

फर्गस मॉन्क्रीफला फोन केला.
मागच्या शुक्रवारी त्यानंच हा लॅपटॉप उघडला होता
(चहा मीच सांडलेला, आल्याचा).
‘मदरबोर्ड नवा आहे, मिसेस टिळेकर.
तुमचा पिन या यंत्राबाहेर कधी गेलाच नाही,
आतल्या एका चिपशी तेवढी त्याची ओळख.
पिन गेलेला नाही.
ज्याला तो माहीत होता, तो गेला.’

वरून तर सगळं तेच.
तोच पडदा, ‘ण’ काढताना अडणारी तीच कळ,
झाकणावर लेकीनं चिकटवलेलं तेच कासव.

कराडच्या स्टँडसमोर माझ्या मामाचं सायकलचं दुकान होतं.
मला ‘ढब्बू’ म्हणणारा तो एकटाच.
पासपोर्टवर नाही, लग्नपत्रिकेत नाही,
नवऱ्यालासुद्धा ठाऊक नाही.
मामा गेला तेव्हा ते नाव कुणी खोडलं नाही.
मला अजून पाठ आहे, बिनचूक.
फक्त ते घेऊन
कुठं आत जाता येत नाही.

‘मिसेस टिळेकर? आहात ना?
खाली लिहिलंय बघा, मी माझा पिन विसरले. ते दाबा.’
‘पण मी विसरले नाहीये.’
‘तरी दाबा.’

दाबलं.
फोनवर आकडे आले, ते इकडे भरले.
मूळ पासवर्ड मागितला,
तो गव्हाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला,
पिठानं एक अक्षर पुसट, ओ की शून्य.
शून्य.
नवा पिन ठेवला. पुन्हा टाकायला लावला. मान डोलावली.

तरी कौन्सिलचं दार बंदच. जुनी किल्ली जुन्या चिपबरोबर गेली.
ईमेलवरून कोड मागवून मागल्या दारानं आत शिरले,
यादीत जुनी पास-की सापडली,
काढून टाकायची तर कारण निवडा:
‘हे उपकरण आता माझ्याकडे नाही.’
दोन्ही मनगटं त्याच्यावरच टेकलेली, ऊबही लागत होती.
निवडलं.
मग नवी पास-की. नवा पिन. हिरवी खूण.
अकरा वाजून वीस मिनिटांनी
सतरा ब माझा झाला.

बोटांना अजून पटलेलं नाही.
रोज सकाळी ती आधी जुनेच आकडे टाकतात
आणि यंत्र नवख्या शेजाऱ्यासारखं
नम्रपणे नाही म्हणतं.

शनिवारी वाफा पाहायला गेले, खिशात मेथीची पुडी.
फाटकाला कुलूप, चार आकडी चक्रांचं, बर्फानं धरलेलं.
कोड कुणी कळवलाच नव्हता.
पलीकडच्या वाफ्यातून इशबेल ऑकरलोनी
कुदळीवर रेलून बघत होती बराच वेळ.
‘कोड काय आहे?’ मी विचारलं.
‘कोड कसला. ओढ नुसतं,’ ती म्हणाली,
‘ते लागतच नाही कधी.’