पर्याय क्रमांक एक

वसमतच्या मोंढ्यासमोर माझं दुकान.
हळदीच्या दिवसांत कीबोर्ड पिवळा होतो,
स्पेसबार तर बाराही महिने.
फॉर्म भरायला आलेली पोरं
सारखा कपाळाला हात लावतात
आणि घरी जाताना
हळदीच्या मांडवातून उठल्यासारखी दिसतात.

आज श्रावस्ती खिल्लारे आली.
चौऱ्याऐंशी पर्सेंटाइल. हातात
तांब्याच्या तारेच्या खोक्याचं फाडलेलं झाकण,
झाकणामागं पेन्सिलीनं यादी.
मी सवयीनं विचारलं, कॉम्प्युटरच ना?
ती म्हणाली, यादीत आहे तसंच टाका दादा.

आता यात नावांना तोटा नाही.
कॉम्प्युटर, आयटी, डेटा सायन्स,
कॉम्प्युटर आणि पुन्हा कंसात डेटा सायन्स.
बीसीए वेगळं, त्याची सीईटी वेगळी.
बीएस्सीचं नाव पोरं शेवटाला घेतात,
शिळी भाकर मागितल्यासारखं.
मी बीएस्सीच केलं. सेलूला.
तीन वर्षं लॅबची किल्ली सरांच्या कमरेला होती
आणि सर नांदेडला राहायचे.

ओटीपी तिच्या वडिलांच्या नंबरवर.
वडील मोटार रिवाइंडिंगला, हात वार्निशमधे.
दोन ओटीपी तसेच मेले.
तिसऱ्याला माणूसच आला,
फोन दोन कोपरांत धरून.

'ह्या समद्यात कंप्युटर हायेच,' ते म्हणाले,
'मंग इतके नावं कामून?'

माझ्या पाटीवर लिहिलंय, योग्य मार्गदर्शन मिळेल.
मी म्हणालो, पॅकेज. मग म्हणालो, स्कोप.
स्कोप हा शब्द मी दिवसातून चाळीसदा वापरतो.
तो कुठं राहतो, कधी बघितलं नाही.

ते म्हणाले, जळकी मोटार आली की
आम्ही आधी जुने वेढे मोजतो.
मोजल्याबिगर तार कापत नाही.
हिनं काय मोजलं?

श्रावस्ती बोलली, स्क्रीनकडंच बघत.
पहिलं वर्ष सगळ्यांचं सारखंच, पप्पा.
पुढचंही निम्मं. मी पीडीएफ शेजारी शेजारी लावून बघितल्या.
मग नावं सोडली.
सहा कॉलेजांत फोन केला,
ऑफिसात नाही, लॅबच्या शिपायाला.
विचारलं, पाचनंतर लॅब उघडी असते का?

दोघं म्हणाले, तुम्ही कोण.
एक नुसताच हसला.
एक म्हणाला, ॲडमिशन घ्या, मग सांगतो.
एकानं उचललाच नाही.
नांदेडचे एक मामा म्हणाले,
पोरं बसली तर मी बसतो आठपर्यंत.
सोळा नंबरची मशीन धर,
बाकीच्या तापतात.
पंखा मात्र बंद आहे, बाई.

तेच तिनं एक नंबरला टाकलं.
शाखा आयटी,
कारण तिथं तेवढीच तिच्या आवाक्यात होती.

मी म्हणालो, बघ हं,
पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला
तर घ्यावाच लागतो, मागं फिरता येत नाही.
एवढं एक मला नक्की माहीत आहे.
माझा पहिला पर्याय मित्रानं भरला होता,
स्वतःचा भरता भरता.

तिनं लॉक दाबलं.
प्रिंटर अडकला, खोकला, सुटला.
कागदाच्या कडेला एक पिवळा अंगठा,
माझा की तिचा, कळायला मार्ग नाही.
तीस रुपये झाले.

खिल्लारे वर बघत होते, माझ्या पंख्याकडं.
'बेअरिंग गेलंय ह्याचं,' म्हणाले, 'उद्या पाठवून द्या.'
पायरी उतरले. थांबले.
मग लेकीला, जरा हळू आवाजात:
'त्या मामाला फोन लाव एकदा.
त्यो पंखा अठ्ठेचाळीस इंची हाय का छप्पन,
इचारून ठिव.'