मोघम

सकाळी साडेसातला कंपनीचं निवेदन येतं.
निकोला वुलिच चष्मा पुसतो, पेन्सिलीला टोक काढतो.
फ्रीमँटलला या वेळी वारा वाळवंटाकडून येतो,
स्वयंपाकघराच्या जाळीवर बारीक रेती घासत राहतो.

"ईशान्य पट्ट्यात उत्साहवर्धक खुणा."
किती मीटर? लिहिलेलं नाही.
टनामागे किती ग्रॅम? तेही नाही.
"पुढील टप्प्याबाबत योग्य वेळी कळवण्यात येईल."
कोण कळवणार?
वाक्याला कर्ताच नाही.
कर्मणी प्रयोगात सगळे सुखरूप.

चौतीस वर्षं त्याने या राज्यात भोकं पाडली.
ड्रिलच्या दांड्यातून हातात चढणारी थरथर
अजून झोपेत येते.
खडक कधी "अपेक्षेनुरूप" बोलला नाही.
खडक म्हणाला, क्वार्ट्झ. खडक म्हणाला, चिखल.
एकदा म्हणाला, पाणी,
आणि सगळ्यांचे बूट भरले.

तो मागच्या तिमाहीचा कागद शेजारी ठेवतो.
तेव्हा होतं, "अपेक्षित आहे."
आता, "अपेक्षा बाळगण्यास वाव आहे."
तेवढ्या फरकाची किंमत तो समासात मांडतो:
शेअरमागे दोन सेंट.
मारा म्हणते, विकून टाक ना एकदाचे.
विकले की विचारायचा हक्क गेला, तो म्हणतो,
आणि टोस्टची जळकी कड सुरीने खरवडतो.

वार्षिक सभेला पर्थमध्ये नऊ माणसं, चाळीस बिस्किटं.
अध्यक्ष मूठ उघडत नाहीत;
झाकली आहे तोवरच ती सव्वा लाखाची.
निकोला उभा राहतो.
"भोक क्रमांक सतरा. किती ग्रॅम?"
"आम्ही समाधानी आहोत."
"तुमची तब्येत नव्हती विचारली."
कोणीतरी हसतं, मग त्याचा खोकला करतं.

लिफ्टपाशी कंपनीची चिटणीस, जेसमी ट्रेलोर.
वय असेल सव्वीस. हातात उरलेल्या बिस्किटांचं ताट.
"ते वाक्य माझं," ती म्हणते.
"अकरा वेळा लिहिलं."
आणि दार मिटता मिटता,
त्याच्याकडे न बघता:
"पहिल्या वेळी त्यात एक 'नाही' होतं."

खाली पार्किंगचं यंत्र.
चार डॉलर वीस सेंट.
तो आकडा पुन्हा वाचतो, बोट ठेवून,
आणि सुटी नाणी एकेक करून टाकतो,
जवळजवळ खुशीने.