गळती

इवों पेराशोंनं ही काच फुंकली तेव्हा
मी दारात उभी होते.
फुगलेले गाल, ज्योतीवर गरगरणारी नळी,
आणि तिच्या टोकाला हळूहळू पोट धरत गेलेलं
शनीच्या एका चंद्राचं आभाळ.
चार लिटरचं.

मग आम्ही त्यातली हवा उपसली,
विहीर उपसावी तशी, तळ लागेपर्यंत,
आणि आत सोडला नायट्रोजन, चिमूटभर मिथेन.
दोघंही बिनरंगाचे, बिनवासाचे, सज्जन.
वीज लावली.

काच जांभळी पेटली.
त्या उजेडात हायड्रोजन सुटून जातो,
कार्बन उघडा पडतो,
आणि उघडा कार्बन एकटा राहत नाही,
दिसेल त्याचा हात धरतो,
अगदी नायट्रोजनचाही,
जो एरवी कुणाला दाद देत नाही.
दोनाचे चार होतात, चाराचे…
पुढे आम्ही मोजणं सोडतो.
टायटनवर हे धुकं खाली बसायला
वर्षानुवर्षं लागतात.
ग्रनोब्लमध्ये तीन रात्री.

चौथ्या सकाळी काचेच्या अंगाला तपकिरी भुकटी.
अर्धा चमचा.
खरवडताना मी श्वास रोखून धरते,
भुकटी बंद पेटीत आणि मी बाहेर असूनही.

आलेख निघाला.
नको तिथे एक रेघ उभी: ऑक्सिजन.
कुठून तरी पृथ्वी आत शिरली होती.

इवोंला बोलावलं.
त्यानं चष्मा कपाळावर सरकवला,
मडकं वाजवून घ्यावं तशी
नखानं काच वाजवली, कान दिला.
सांध्यापाशी केसाएवढी फट.
"चूक माझी," म्हणाला.
मग खांदे उडवून,
"तसा माझा श्वास पहिल्या दिवसापासून आतच आहे.
नाहीतर ती गोल झाली कशी?"

तो आम्ही उपसून टाकतो, मी म्हटलं.

"आकार ठेवता ना?"

शनिवार-रविवार तो वीनेला होता,
भावाच्या बागेत, अक्रोड सोलत.
सोमवारी आला तो तपकिरी तळहात घेऊन,
साबणाला न बधणारे, ॲसिटोनलाही नाही.
मी भुकटीची कुपी त्याच्या बोटांशेजारी धरली.
रंग तोच.
रेणू वेगळे आहेत, मला माहीत आहे,
आणि हे मी कुठल्याही शोधनिबंधात लिहिणार नाही.

"नाताळपर्यंत जातो हा," तो म्हणाला,
आणि नवी काच टेबलावर ठेवली.

अजून कोमट होती.