टाकी भरली की

मोरजकरांच्या वहीत, पाणी किती वाजता आलं त्याच्या शेजारी
पेन्सिलीनं लिहिलंय:
"टाकी रिकामी, मशीन ठीक. भरली की सेल खातंय."
अठरा दिवसांत चार सेल.
मी सोसायटीला वर्षाची हमी दिली होती,
लेटरहेडवर, सहीनिशी.

टिळकनगरच्या त्या गच्चीवर
मी वहीला हसले होते, हे आधी कबूल करते.
पंपवाल्याला काय कळतंय करंटमधलं.

मग मरोळच्या गाळ्यात, रात्री,
बोर्ड उलटा केला, मीटर सिरीजमध्ये जोडला
आणि पाण्याऐवजी एकेक वायर वर चढवली.
पहिली पातळी: पॉइंट नऊ.
दुसरी: एक पॉइंट आठ.
पाचवीला साडेचार मिलिअँपिअर,
जिथं मायक्रोत मोजायला हवं होतं.
सहावी इनपुट वापरात नव्हती, ग्राउंडला बांधलेली,
तीच तेवढी गुणी.

चिप थंड. बोटाला काही कळत नाही.
उत्तरही बरोबर, एकाचं शून्य, शून्याचा एक,
कुठल्याही तपासणीत पास झाली असती.
झालीच होती. मीच केली होती.

आत दोन दारं असतात, एकावर एक.
वरचं पाच व्होल्टकडून, खालचं जमिनीकडे.
एक उघडलं की दुसरं घट्ट बंद,
असा रिवाज. म्हणून तर हिचं जेवण चिमणीचं.
पण सेन्सरची बाजू तीन पॉइंट तीनवर बोलते.
खालच्या दाराला ते पुरतं, ते सताड उघडतं;
वरच्याला मात्र पुरता नकार पोचत नाही,
ते किलकिलं राहतं
आणि त्या फटीतून सेल
सरळ जमिनीत उतरत जातो
वाटेत एकही दिवा न लावता.

आपल्या परीनं तो होकारच असतो.
पाचाच्या घरी पोचेपर्यंत त्याचा 'बघू' होतो.

(भाऊ नाशिकहून आठ महिने विचारतोय,
गाळा ठेवायचा की विकायचा.
फोन ठेवल्यावर मी काही न करता दमलेली असते.)

लॅमिंग्टन रोडला हातिमभाईंनी काचेवरून दुसरी चिप सरकवली.
"एचसीटी न्या. तिला हळू बोललेलंही ऐकू येतं."
येतं, खरंय. पण डेटाशीटच्या मागच्या पानावर
बारीक टाइपात एक ओळ असते:
दर इनपुटमागे जादा करंट.
ऐकतानाही तिचं वरचं दार लोटलेलंच, लावलेलं नाही.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, ओळ वाचली.
"चाळीस वर्षं विकतोय,
ही ओळ कुणी विचारली नाही."

शेवटी काहीच विकत घेतलं नाही.
चौदाव्या पायाकडे जाणारा ट्रॅक ब्लेडनं कापला
आणि निळ्या वायरीनं तो पाय
तीन पॉइंट तीनला जोडला.
दोघंही एका उंचीवर.
पाचही वायरी वर केल्या. मीटर शून्याजवळ आला
आणि शेवटचा आकडा थरथरत राहिला.

पहाटे साडेचारला पाणी आलं.
मोरजकरांनी बटण दाबलं. पाच लाल दिवे.
"पूर्वीपेक्षा मंद वाटतायत."
"हो."
"आणि सेल?"
"आजची तारीख लिहा वहीत," मी म्हटलं,
"टाकी भरलेली आहे, तेही लिहा."