धडा

फोटो सकाळी फोनवर आला, खाली माहिती:
वय तीन वर्षं दोन महिने. रक्तगट बी.
वजन अकरा किलो तीनशे.
अठ्ठेचाळीस तासांत हो किंवा नाही कळवा.

शर्मिला म्हणाली, मनाला विचार.
रबाळ्याच्या कॅन्टीनमध्ये, भेंडीचा डबा मधे ठेवून,
इतक्या सहज म्हणाली
जणू मन म्हणजे सोसायटीचा वॉचमन,
आलं-गेलं सगळं वहीत लिहून ठेवणारा.

माझ्या मनाला मी ओळखते.
यानंच सांगितलं होतं, नोकरी सोड, केक कर.
कोपरखैरण्यात सात महिने दुकान चाललं,
म्हणजे चाललं नाही.
ओव्हन अजून गॅलरीत आहे. बाबा त्यात कांदे ठेवतात.
आणि यानंच महापे पुलाखाली,
निनाद रिक्षाचे सुटे पैसे शोधत असताना,
म्हटलं होतं, जा याच्याबरोबर.
मी गेले नाही.
त्याचं बरं चाललंय बडोद्यात. माझंही.
यात चूक कोणती, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

रात्री दीडला ते म्हणतं, हो.
पहाटे पाचला, पाण्याची मोटर लावता लावता
म्हणतं, वेडी आहेस का,
एकोणचाळीस वय, हप्त्याची अकरा वर्षं बाकी,
बाबांचे गुडघे,
पोरीला ताप आला तर रजा कोण टाकणार?
दोन्ही वेळा आवाज तोच.
माझाच. जरा घोगरा.

बाबा तीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात मापाडी.
सुट्टीत मी डबा घेऊन तुर्भ्याला जायचे.
पोती नंतर. आधी ते रिकामा काटा बघायचे.
पारड्याच्या बुडाची माती नखानं खरवडायची,
तरी कललं तर दुसरीकडे खडा,
सुतळीचा तुकडा,
एकदा माझ्या केसांतली पिन.
शेतकरी घाई करायचा, व्यापारी घाई करायचा.
बाबा म्हणायचे, आधी धडा होऊ दे.
रिकामं असताना जे खोटं बोलतं
ते भरल्यावर खरं कसं बोलेल?

मनाचा धडा कर, असं लोक म्हणतात
तेव्हा त्यांना हिंमत म्हणायची असते.
आमच्या घरात त्याचा अर्थ, माती खरवड.

काल रात्री मी पारड्यात काहीच टाकलं नाही.
मुलगी नाही, हप्ता नाही.
नुसतं बघत बसले कुठे कलतंय.
माती होती. बरीच.
आईच्या तेराव्याला आत्या म्हणाली, हिचं आता कसं व्हायचं, ते.
समोरच्या टॉवरच्या तलावातून
रविवारी येणारा पोरांचा कल्ला.
सगळ्यांत खाली, वाळून घट्ट झालेली,
लोकांनी मला चांगली म्हणावं ही हौस.
ती निघता निघेना.
नख दुखेपर्यंत खरवडली,
थोडी राहिलीच.
काटा हलला मात्र.
किती, ते अंधारात नीट दिसलं नाही.

आज चहाच्या वेळी फोन बाबांपुढे धरला.
दोन वर्षं या विषयावर ते बोललेले नाहीत.
अर्ज भरला तेव्हा पेपर वाचत होते,
घर बघायला बाई आल्या तेव्हा खाली फिरायला गेले.
चष्मा कपाळावर सरकवून
चेहऱ्याकडे त्यांनी फार वेळ बघितलं नाही.
आकड्यापाशी थांबले.
अकरा-तीनशे?
म्हटलं, हो.
तीन वर्षांला कमी आहे.
मग, कोणत्या काट्यावर केलंय?
कपड्यांसकट?
म्हटलं, ते नाही लिहिलेलं.
लिहायला पाहिजे, म्हणाले,
आणि बशीत ओतलेला चहा तसाच ठेवून उठले.

एकोणीस तास उरलेत.
हो लिहिलेलं नाही, नाही लिहिलेलं नाही.
गॅलरीत खुडबुड चाललीय.
गुडघा धरून खाली बसलेत
आणि ओव्हनमधून कांदे काढतायत,
एकेक, हातात जोखत,
टोपलीत ठेवतायत.

कशासाठी, ते मी विचारलेलं नाही.