ङ

कोर्टाच्या कंपाउंडला लागून तिसरं टेबल आमचं,
निलगिरीच्या बुंध्याला टेकलेलं.
वडील असताना त्यावर दोन मशिनं होती,
एक मराठीचं, एक नंतर घ्यावं लागलेलं कन्नडचं.
दोन्हींची धूळ ते एकाच फडक्यानं पुसायचे.
आता संगणक आहे. फडकं तेच.

माझं निम्मं पोट एका वाक्यावर चालतं:
'वरील सर्व नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे.'
शाळेच्या दाखल्यावर पिराजी, रेशनकार्डावर पीरप्पा,
शेताच्या उताऱ्यावर नुसताच पिऱ्या,
तिघांना एक करायचे, टायपिंगसकट, दीडशे.

पौषात आली छिमे.
हिवाळाभर कॉलेज रोडला स्वेटर विकते,
भाव करताना कन्नड, घासाघीस वाढली की मराठी,
आणि नोटा मोजताना ओठांतल्या ओठांत तिसरंच काही.
"अक्का, नवऱ्याकडं जायचं हाय, बेल्जियमला.
पोराचं पण कागद कर की."

पोरगं रांगत होतं तेव्हा गेला तो.
आश्रय मागितला, तिसऱ्या वर्षी मिळाला,
आता अँटवर्पजवळ फुलांच्या गोदामात रात्रपाळी.
कुटुंब एकत्र यायला एकोणीस कागद लागतात.
लग्नाचा पुरावा:
लग्न मुंडगोडच्या वस्तीत, जेवायला दोनशे माणसं, कागद शून्य.
एकत्र राहिल्याचा पुरावा:
छिमे जरा थांबून म्हणाली,
"गादीची त्याची बाजू अजून दबलेली हाय. फोटो चालंल?"

राष्ट्रीयत्व.
इथं माझा कर्सर लुकलुकत राहिला.
तिच्याकडे सरकारनं दिलेली पिवळी वही आहे,
ती इथली नाही, एवढंच त्या वहीत पक्कं.

त्या देशाचा तक्ता मी शोधून काढला,
कुठल्या देशाची किती माणसं दारात आली, किती आत.
सीरिया. अफगाणिस्तान. पॅलेस्टाईन. एरिट्रिया.
मग बारीक होत गेलेल्या ओळी.
चीन होतं, अज्ञात होतं, इतर होतं.
तिचं गाव ज्या नावाचं, ती ओळच नव्हती.
"ह्यात ह्यो कुठं?"

मला शिरगणतीचा मास्तर आठवला.
पडवीत बसून त्यानं विचारलं होतं, मातृभाषा?
वडील म्हणाले, तुम्हाला लिहायला सोपी जाईल ती लिहा.
नंतर तीन दिवस ते जेवताना बोलले नाहीत.

छिमेनं बोट स्क्रीनवरून खाली खाली नेलं,
तळाच्या जाड ओळीवर टेकवलं. "हे काय?"
एकूण, मी म्हटलं.
"ह्यात तर असंल न्हवं?"
ह्यात असेल.
"मग होऊ दे. टाइप कर."

पोराच्या शाळेनं बापाचं नाव लिहिलंय नवांग,
बेल्जियमच्या कागदावर सुरुवातीला दोन अक्षरं जास्त,
आणि छिमे जे नाव घेते ते नाकातून येतं,
ङवांग.
म्हणजे परत माझं वाक्य. व्यक्ती एकच असून.

ङ छापताना प्रिंटरनं चौकोन काढला, रिकामा.
वडिलांच्या मशीनवर तर ती कळच नव्हती;
वाङ्मय मंडळाचं पत्रक आलं की
ड उठवायचे आणि शेजारी टाकानं टिंब द्यायचे,
श्वास धरून.

लोदेन टेबलाला हनुवटी टेकून बघत होता.
दुसरीत आहे, शहापुरात, मराठी शाळेत.
म्हणाला, "आमच्या वर्गातल्या तक्त्यात
ग गवताचा, घ घराचा,
ङ म्होरं चित्रच न्हाई."

मी पेन काढलं. चौकोनावर ड गिरवला.
"टिंब मी देतो," तो म्हणाला.
जरा मोठंच पडलं. शाई फुटली.
नोटरीनं चष्मा वर करून पाहिलं,
काही न बोलता शिक्का मारला.

दीडशे मी घेतले नाहीत असं नाही. शंभर घेतले.
जाताना त्याला सांगितलं, उद्या फोटो काढशील तेव्हा
दात दाखवू नकोस, त्यांना चालत नाही.
तो लगेच हसला.
पुढचे दोन दात पडलेले.
अर्जाचा निकाल लागेतो येतील म्हणा.